ओव्याच्या वासाची मासोळी

परवा पोटात दुखून राहिलं म्हणून फळीवरचा ओव्याचा डबा काढला. झाकण घट्ट होतं. ते सगुणानेच लावलेलं असणार, कारण ती गेल्यापासून त्या फळीला मी हात लावला नव्हता. जोर केला तर अर्धा ओवा चुलीपुढे सांडला. खाली बसून वेचत होतो, तेव्हा वासाबरोबर जो माणूस डोळ्यांपुढे आला तो मुनीरचाचा. बायको जाऊन अजून वर्ष झालं नाही आणि मला आठवतो कोण, तर कधीचा गाव सोडून गेलेला एक शिंपी. माझं मलाच नवल वाटलं. मग म्हटलं, बरोबरच आहे. सगुणा माझ्याशी जन्मभर बोलली, जन्मभर भांडली, ती या माणसामुळे. तो नसता तर माझ्या घरात एक मुकी बाई भात रांधत राहिली असती, आणि तीही किती दिवस, कोणाला ठाऊक.

मी चौथीपर्यंत शिकलो. सजवून लिहिणं मला जमत नाही आणि रडगाणं मला लिहायचं नाही. चाचा कसा होता तेवढं सांगतो.

आमचं गाव कुरखेड्याजवळ, सती नदीच्या काठाला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. चाचाचं घर आमच्या समोर, मधली बोळ इतकी अरुंद की त्याच्या ओसरीवर मशीन चालली की आमच्या माठावरचा गिलास वाजायचा. उंच, वाळका माणूस. अंगात बंडी, खाली लुंगी आणि डोक्यावर एका गोऱ्या साहेबाची खाकी टोपी. टोपी फक्त नदीवर जाताना. एरवी ती मशीनवर पालथी घालून ठेवायचा आणि तिच्यात बटणं ठेवायचा.

चाचा आधी शिंपी नव्हता. इंग्रज होते तेव्हा जंगल खात्यातल्या एका साहेबाचा तो खानसामा होता. साहेब जंगलातल्या बंगल्या-बंगल्यांनी फिरायचा, चाचा भांडीकुंडी घेऊन मागे. हा साहेब मासोळीचा वेडा. पण जाळं नाही की गांडूळ नाही. एक पातळ लवचिक काडी, तिला रेशमाचा दोर, दोराच्या टोकाला गळाची बारीक गरी आणि गरीला पिसं बांधून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर अशी हलकी टाकायची की मासोळीला वाटलं पाहिजे, खरीच माशी पडली. स्वराज्य आलं आणि साहेब आपल्या देशी गेला. काडी, दोर गुंडाळायची चकरी, पिसांची डबी आणि टोपी चाचाला देऊन गेला. खात्याने चाचाला ठेवलं नाही. त्याने मशीन घेतली आणि गावाच्या चोळ्या, बंड्या शिवत बसला. पण साहेबाची सवय त्याच्या अंगात राहून गेली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मशीन झाकायचा आणि नदीवर.

गाव हसायचं. लहानू म्हणून एक ढिवर होता, जाळ्यावर घर चालवणारा. तो पलीकडच्या काठावरून ओरडायचा, "चाचा, पान्यानं काय गुन्हा केला जी? काऊन चाबकानं मारून राह्यले त्याले?"

"तुहं जाळं गळा दाबते त्याचा, तवा म्या काही इचारलं का?"

"पन मले टोपलंभर भेटते ना जी. तुमाले?"

"मी बोलावनं धाडतो. येनं न येनं त्याहिच्या मर्जीवर."

आणि खरंच तो बोलावणं धाडल्यासारखाच बोलायचा. माणसांशी चाचाची जीभ खरखरीत. माप द्यायला आलेल्या पाटलाला म्हणायचा, "श्वास घे, पोट आत घे, मंग नंतर मले म्हनशील बंडी आखूड झाली." पण मासोळीशी बोलताना सगळी अदब. "आइए हुजूर, तशरीफ लाइए." मासोळी लागली की तिला पाण्यातच धरायचा, गरी काढायचा आणि लहान असली की सोडून द्यायचा. सोडताना म्हणायचा, "सारी." साहेब म्हणायचा म्हणून हाही म्हणायचा. आमच्या गावात तो इंग्रजी शब्द पहिल्यांदा मासोळ्यांनीच ऐकला.

खोटी माशी बांधायला कोंबड्याच्या मानेवरची पिसं लागतात. ती लांब असतात आणि पाण्यात फुलतात. चाचाकडे कोंबडा नव्हता. शेजारच्या बायजाबाईकडे होता, लालभडक, साऱ्या गल्लीवर राज्य करणारा. चाचा त्याला दाणे टाकून जवळ बोलवायचा आणि एक-दोन पिसं उपटायचा. असं होता होता एक दिवस बायजाबाई कोंबडा काखेत घेऊन आली.

"चाचा, पाहा जी याची मान. सोलला तुमी त्याले."

चाचाने चष्मा वर केला. "गरम होत असन त्याले."

"पौष चालू आहे."

"मंग थंडी वाजत असन. ठेव इथी, गळपट्टी शिवून देतो."

बायजाबाईला वाटलं थट्टा करतो. पण त्याने खरंच चोळीच्या उरलेल्या लाल खणाची पट्टी शिवली, आतून मऊ कापड लावलं आणि कोंबड्याच्या गळ्यात घातली. बरेच दिवस तो कोंबडा गळपट्टी घालून गावभर फिरला. बाजूच्या गावचे लोक पाहायला यायचे. चाचाची मात्र पंचाईत झाली, कारण पुढे तो नुसता दिसला की कोंबडा थेट छपराच्या कवेलूवर चढायचा. मग चाचा जंगलात गळालेली रानकोंबड्याची पिसं शोधत फिरू लागला. त्याच्याकडे शिवलेल्या कपड्यात कुठे ना कुठे पिसाचा तुकडा निघायचाच. सगुणाच्या लग्नातल्या चोळीच्या शिवणीत निळं पीस होतं. तिने ते कधी काढलं नाही.

चाचा एकटाच राहायचा. त्याची बायको आम्ही पाहिली नव्हती, गावात येण्याआधीच गेली होती. त्याची एक खोड होती. चहा केला की दोन कप मांडायचा. एक पिऊन झाला की जरा थांबायचा आणि मग दुसरा प्यायचा. मी एकदा म्हटलं, "चाचा, एकच मोठा गिलास घ्या ना, धुवाचा ताप वाचन." तो म्हणाला, "धुतो ना मी. तुले सांगतो का धुवाले?" तेव्हा त्याला राग काऊन आला ते मला समजलं नाही. आता माझ्या चुलीजवळ दोन कप असतात.

त्याची आवडती गोष्ट म्हणजे साहेबाच्या देशातल्या दोन मासोळ्या. एक टरौट आणि दुसरी गिरेलिंग. दोन्ही त्याने कधी पाहिल्या नाहीत, पण बोलायचा असा की जशा त्याच्या मामाकडच्या आहेत. टरौट अकडू. दगडाखाली एकटी राहणार, कोणाची सावली पडली की पसार. गिरेलिंग चार जणींत राहणारी, थंड साफ पाण्यातली. तिच्या पाठीवर हा एवढा मोठा पंख, बाईच्या पदरासारखा. आणि तिला पाण्याबाहेर काढलं की तिच्या अंगाला ओव्यासारखा वास येतो. साहेब त्याला तसं सांगायचा. साहेबाने म्हणे चाचाच्या मसाल्यातला ओवा हुंगला होता आणि घरची आठवण येऊन त्याची एक चिमूट खिशात टाकली होती.

चाचा सगळ्या गावाची यात वाटणी करायचा. शाळेतले गुरुजी टरौट. पाटील टरौट, पण म्हातारी झालेली. बायजाबाई गिरेलिंग. मी विचारलं, "माही माय?"

"तुही माय मगर आहे."

"अन् मी?"

त्याने मला वरून खालून पाहिलं. "तू मासोळीच नाई. तू काठावरचं झाड. बैल बांधाले कामाचं."

सगुणा आमच्याकडे आली तेव्हा त्याने तिला पहिल्याच दिवशी गिरेलिंगमध्ये टाकलं. ती आरमोरीकडची. बोलकी किती, तर माय म्हणायची, हिच्या तोंडाले झाकणच नाई. वांगं चिरताना वांग्याशी बोलायची. बोळीच्या या बाजूने ती आणि त्या बाजूने चाचा, दिवसभर वाद चालायचा. भाताला कोणतं पाणी चांगलं, विहिरीचं की नदीचं. टोपीवाला माणूस चांगला दिसतो की पागोट्यावाला. अशा फालतू गोष्टींचा वाद, पण आम्हाला ऐकायला बरं वाटायचं.

मग आमचं पहिलं पोरगं झालं, भादव्यात. मुलगा होता. बारसं व्हायच्या आधीच गेला.

सगुणा रडली नाही. आठ-पंधरा दिवसांनी लक्षात आलं की ती बोलतही नाही. वेड लागलं असं नव्हतं. सांगितलेलं ऐकायची, ताटात वाढलेलं थोडंफार चिवडायची, पण तोंडातून शब्द नाही. माय मात्र बाळंतिणीचं सगळं करत होती. बाजेखाली विस्तव, ओव्याची धुरी, तेलात ओवा कढवून अंगाला, हाताला चोळणं. मी एकदा म्हटलं, "माय, आता कशाले?" माय म्हणाली, "पोरगं गेलं, पन आंग तर बाळंतिणीचंच आहे ना. वारा शिरला तर ही बी जाईन." तिचं बरोबर होतं. पण त्या वासाने सगुणा तोंड भिंतीकडे करायची. ज्याच्यासाठी तो वास घरात आला तो घरात नव्हता.

लोक आले. कोणी म्हणालं पुजाऱ्याला दाखवा, कोणी म्हणालं माहेरी पाठवा, कोणी म्हणालं दुसरं झालं की बोलेल. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "नामदेव, ही आता वाचत नाई बाप्पा." चाचा काही सांगायला आला नाही. त्याने एकच केलं. त्याची मशीन बंद झाली. तो ओसरीवर बसून सगळं हातानेच शिवायचा. माठावरचा गिलास वाजला नाही तेव्हा मला समजलं.

सव्वा महिना सरला त्या सुमाराला एक दिवस चाचा येऊन आमच्या ओसरीवर बसला. आत मायने धुरी केली होती. वास बाहेर आला. चाचाने नाक वर केलं आणि नेहमीसारखाच म्हणाला, "नामदेव, साहेब म्हने, त्या गिरेलिंगच्या आंगाले अस्साच वास येते. ओव्याचा."

मी हे किती वेळा ऐकलं होतं. मी नुसतं हाव म्हटलं.

आतून आवाज आला, "काहीतरीच."

मायच्या हातातला चिमटा वाजला. मी उठायला गेलो तर चाचाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. त्याने आत वळून पाहिलं नाही. बोळीकडे पाहतच म्हणाला, "काहीतरीच कसं? साहेब खोटं बोलत नव्हता."

आत मायने विस्तव चाळवला. मला वाटलं संपलं.

"मासोळीले मासोळीचाच वास येते," सगुणा म्हणाली.

"मंग पाहाले लागन," चाचा म्हणाला आणि उठून घरी गेला.

संध्याकाळी त्याने माझ्यापुढे सगळं मांडलं. साहेबाने ती मासोळी तिकडची सांगितली हे खरं, पण साहेबाने आपल्या सगळ्या नद्या कुठी पाहिल्या? कोरचीच्या डोंगरातून जे नाले, नद्या येतात त्यांचं पाणी थंड आहे, साफ आहे. असली तर तिथेच असेल. गाडी जुंप, तुह्या बायकोले घे. ती वास घेईन, मी धरीन. मला वाटलं हा म्हातारा खुळावला. मायला तर आगच लागली.

"बाळंतीण बाई नदीवर नेता? लोक शेन घालतीन माह्या तोंडात, मुनीरभाऊ."

"तुमी बी चला ना बाई."

"मी काऊन येऊ?"

"मासोळी भाजाले."

माय कुरकुरत मसाला वाटायला बसली. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, भारी अजून शेतात उभा होता, मधले थोडे दिवस हाताला काम नव्हतं. आम्ही निघालो. गाडीत धानाचं तणस, त्याच्यावर घोंगडी, घोंगडीत गुंडाळलेली सगुणा. तिच्या एका बाजूला माय तंबाखूची डबी घेऊन, दुसऱ्या बाजूला चाचा काडी आडवी धरून, जसं काही नवरदेवाचं छत्र आहे. रस्त्यात एका गोंडाच्या गावी मुक्काम केला. तिथल्या एका म्हाताऱ्याने बैलांना पाणी दाखवलं, विस्तवाला लाकडं दिली. चाचाने त्याला फार गंभीर होऊन विचारलं, "भाऊ, इकडच्या पान्यात अशी मासोळी आहे का, जिच्या आंगाले ओव्याचा वास येते?"

म्हाताऱ्याने विचार केला. "येते," तो म्हणाला. "रांधताना ओवा टाकला तर येते."

घोंगडीत सगुणा हलली. हसली की कुडकुडली, अंधारात दिसलं नाही.

सकाळी नदीवर पोचलो. नदी कसली, बैलाच्या पोटाला पाणी लागलं नसतं एवढीशी, पण दगडांतून वाहणारी आणि तळाचा खडा न् खडा दिसणारी. चाचाने टोपी घातली, लुंगी वर खोवली आणि पाण्यात उतरला. काडी मागे गेली, पुढे आली, दोर हवेत सरळ झाला आणि माशी पाण्यावर पडली तिचा आवाजही आला नाही. मी गावात त्याला हसायचो, पण इथे पाहतच राहिलो.

पहिली मासोळी बोटाएवढी, चांदीसारखी. चाचाने ओंजळीत पाणी घेतलं, त्यात तिला धरली आणि दगडावरून दगडावर पाय टाकत सगुणापर्यंत आला. "घे वास."

सगुणाने त्याच्याकडे पाहिलं, मग ओंजळीकडे. वाकली. "नाई."

"काय वास आहे?"

"शेवाळाचा."

"सारी," चाचा मासोळीला म्हणाला आणि सोडून दिली.

दुसरीला ओल्या मातीचा वास आला. तिसरीला, सगुणा म्हणाली, कच्च्या काकडीचा. चाचाने स्वतः हुंगून पाहिलं आणि म्हणाला, हाव, काकडीच. एका मासोळीवर दोघांचं जमेना. चाचा म्हणे लोखंडाचा वास, सगुणा म्हणे नव्या मडक्याचा. मी ऐकत होतो. प्रत्येक मासोळीमागे तिला एक शब्द बोलावा लागत होता, आणि चाचा एकामागून एक मासोळी आणत होता. म्हातारा थकला होता, पाय थंडीने निळे पडले होते, पण थांबेना.

"एक तरी ठेवा गा," माय काठावरून म्हणाली. "मी मसाला वाटून आनला."

"ओव्याची भेटली की ठेवू बाई."

"ओवा बी आहे माह्याजवळ. टाकू का?"

दुसऱ्या दिवशी सगुणा दगडावर बसली नाही, उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचं तिथी चुकून राह्यलं. त्या दगडामांगं टाका ना."

"तूच टाक," चाचा म्हणाला आणि काडी तिच्यापुढे धरली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मायकडे पाहिलं. मायने तोंड फिरवून तंबाखूची डबी उघडली. सगुणाने लुगड्याचा काचा मारला आणि पाण्यात उतरली. पहिल्या खेपेला माशी जांभळीच्या फांदीत अडकली. मग दोर असा फिरला की गरी चाचाच्या टोपीत रुतली आणि टोपी पाण्यात गेली. मी ती धावत जाऊन पकडली. चाचा म्हणाला, "माशी म्हंजे भाला नाई. पाखरू हातातून सोडावं तसं सोड." ऊन डोक्यावर येईपर्यंत ती टाकत राहिली. कपाळाला घाम, ओठ घट्ट मिटलेले. आणि त्या दगडामागे पाणी फुगलं आणि काडी वाकली.

चाचाने हात लावला नाही. "ओढू नको. येऊ दे त्याले. आधी हात भिजव, कोरड्या हातानं मासोळी पोळते."

मासा वीतभर होता. अंगावर सोन्याची कळा, खवले मोठे. तिने दोन्ही हातांनी धरला आणि नाकाजवळ नेला.

"येते," ती म्हणाली.

चाचा वाकला. हुंगला. टोपी काढून हातात घेतली. "हाव. येते."

मग तिने तो माझ्यापुढे धरला. मीही वास घेतला. ओव्याचा वास होता. पण मायने ते हात सव्वा महिना ओव्याच्या तेलाने चोळले होते, दोन दिवसांच्या पाण्याने तो वास जाणार नव्हता. मला समजलं, तरी मी मान डोलावली.

माय मसाल्याचं पुडकं घेऊन पाण्याच्या कडेला आली. "हे ठेवतं ना वो?"

"नाई माय," सगुणा म्हणाली. "सोडतो मी त्याले."

ती पाण्यात खाली बसली. चाचा सांगेल तसं मासोळीचं तोंड धारेकडे करून तिला धरून ठेवलं. आधी मासोळी आडवी पडत होती, मग सरळ झाली, कल्ले हलू लागले. मग हातात होती आणि मग नव्हती. सगुणाचे हात तसेच पाण्यात. आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. माय लुगड्यासकट पाण्यात शिरली आणि तिला धरलं. "रड माय, रड," म्हणत राहिली.

चाचाने पाठ फिरवली आणि दोर गुंडाळू लागला. मला म्हणाला, "जा, बैल पाहून ये."

बैल बरे होते. तरी मी तिथेच उभा राहिलो.

परतीच्या वाटेवर, गाव दिसायच्या आधी, घोंगडीतून सगुणाने विचारलं, "हलका धान मळून झाला का आपला?" झाला नव्हता. म्हणालो, नाई झाला. ती म्हणाली, "इतके दिवस काय करून राह्यले तुमी?" मी बैलांच्या शेपट्या मुरगाळल्या, दुसरं काय करणार.

एका दिवसात सगळं बरं झालं असं नाही. मधे मधे पुन्हा गप्प व्हायची, जेवण सोडायची. तेव्हा चाचा ओसरीवरून विचारायचा, "नव्या मडक्याचा का लोखंडाचा?" आणि ती आतून म्हणायची, "मडक्याचाच." पुढे ती चाचाजवळ बसून माशी बांधायला शिकली. बाई गरी घेऊन नदीवर जाते म्हणून गावात बोलणं झालं, आणि तेही परक्या माणसाबरोबर. मायने विहिरीवर सगळ्यांना एकदाच ऐकवलं, "मी गेलो होतो संग. म्या पाह्यलं. कोनाले काय म्हनाचं आहे?" मगरीपुढे कोण बोलणार.

मी चाचाला एकदा विचारलंच, "खरंच वाटत होतं का जी तुमाले, ती मासोळी तिथी भेटन?"

त्याने दाताने धागा तोडला. "वाटत होतं."

"मंग भेटली?"

"जिले पाह्यजे होती तिले भेटली ना."

नंतर आम्हाला मुलगी झाली. ती चालायला लागली तोवर चाचाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी सगुणा त्याला सुईत धागा ओवून द्यायची, मग शिवणही वाकडी जायला लागली. लोक तशाच वाकड्या बंड्या घालायचे. शेवटी नागपूरहून त्याचा भाचा न्यायला आला. मोटार दुसऱ्या दिवशीची. चाचा म्हणाला, "एक खेप नदीवर नेता का?"

मी गाडी जुंपली. आपलीच सती नदी, घराजवळचीच. मुलगी माझ्या कडेवर. सगुणाने चाचाचा हात धरून त्याला पाण्यात नेलं, माशी बांधून दिली आणि कानाशी सांगत राहिली, दगड कुठी आहे, धार कुठी वळते. पलीकडे लहानू जाळं टाकत होता. त्याने चाचाला पाहिलं आणि त्या दिवशी काही ओरडला नाही. जाळं गुंडाळून वर बसला.

चाचाने टाकली. डोळे नव्हते तरी दोर तसाच सरळ गेला. खूप वेळाने काडी वाकली. बोटाएवढी मासोळी, चांदीसारखी, तसल्या या नदीत रोज हजार असतात. चाचाने ओंजळ भरून ती सगुणापुढे धरली.

"काय वास?"

सगुणाने वाकून हुंगलं. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"ओव्याचा," ती म्हणाली. "पक्का ओव्याचा, चाचा."

चाचाने ओंजळ स्वतःच्या नाकाजवळ नेली. दाढीतून पाणी गळत होतं.

"काहीतरीच," तो म्हणाला.

आणि दोघं हसायला लागली. इतकी, की चाचाला उभं राहवेना आणि सगुणाने त्याला काखेत धरलं. "सारी," तो म्हणाला, मासोळीला की तिला, आणि ओंजळ उघडली. मग खाकी टोपी आणि तिचा पदर, दोन्ही वरच्या धारेकडे निघाले, दगड चाचपत, हळूहळू, एकमेकांशी काहीतरी वाद घालत. शब्द मला ऐकू येत नव्हते. मी बैलांचे कासरे धरून काठावर उभा होतो.